वचनाची वाढ आणि माणसांचा धीर : ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या रचनेसंबंधी काही विचार

१

‘मिशनरी’ हा शब्द उच्चारताच मराठी वाचकाच्या मनःचक्षूंपुढे शाळा, दवाखाना, छापखाना आणि वार्षिक अहवाल यांचे चित्र उभे राहते. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस आले, तेव्हापासून या प्रांताच्या परिचयाचे झालेले हे चित्र आहे. त्या मिशनऱ्यांच्या पाठीशी स्वदेशातील संस्था होती, संस्थेच्या पाठीशी वर्गणीदार होते, आणि किती कार्य झाले हे त्या वर्गणीदारांस आकड्यांनिशी कळविणे भाग होते. ख्रिस्ती धर्मप्रसाराच्या पहिल्या पिढीची हकीकत वाचताना हेच चित्र नकळत अठराशे वर्षे मागे नेले जाते, आणि त्या काळच्या ग्रंथाकडूनही अहवालाचीच अपेक्षा केली जाते. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आकलनात जे अनेक घोटाळे झाले आहेत, त्यांचे मूळ पुष्कळ अंशी या अपेक्षेत आहे.

हा ग्रंथ स्वतंत्र नव्हे. तिसरे शुभवर्तमान आणि ‘कृत्ये’ हे एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथाचे दोन भाग असून दोन्ही थियफिल नामक गृहस्थास उद्देशून लिहिलेले आहेत. परंपरेने या लेखकास लूक असे नाव दिले आहे, व सोयीसाठी तेच येथे वापरले आहे. दुसऱ्या भागाचे अध्याय अठ्ठावीस असून यरुशलेमपासून रोमपर्यंतचा सुमारे तीस वर्षांचा काळ त्यात आला आहे. श्रद्धाळू वाचक त्यात यशाची चढती कमान पाहतो : संकटे आली, प्रेषितांनी ती धैर्याने सोसली, म्हणून मंडळी वाढली. संशयी वाचक तीच कमान पाहतो आणि तिला अतिशयोक्ती म्हणतो. रिचर्ड पर्वो याने १९८७ मध्ये या ग्रंथाची तुलना प्राचीन रंजक कादंबऱ्यांशी केली, तेव्हा त्याच्या मार्मिक विवेचनाचाही रोख काहीसा असाच होता. दोन्ही वाचनांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, ती ही की, धीर हे कारण आणि वाढ हे त्याचे फळ, असा हिशेब लूकने मांडला आहे. परंतु त्याने तो तसा मांडला आहे काय, हाच मूळ प्रश्न आहे.

२

प्रथम आकड्यांचा विचार करणे इष्ट होईल. ग्रंथाच्या आरंभी यरुशलेमेत सुमारे एकशेवीस माणसे एकत्र जमली आहेत. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणात, त्यांत सुमारे तीन हजारांची भर पडते. चौथ्या अध्यायात पुरुषांची संख्या पाच हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले आहे. यानंतर मात्र विश्वासणाऱ्यांची मोजदाद जवळजवळ थांबते. इफिस येथे भेटलेले बाराएक शिष्य, आणि एकविसाव्या अध्यायात यरुशलेमच्या वडिलांच्या तोंडी आलेला ‘हजारो’ असा ढोबळ उल्लेख, एवढेच काय ते अपवाद. अंत्युखिया, फिलिप्पै, थेस्सलनीका, करिंथ यांपैकी कोठेही किती माणसे मंडळीत आली, याचा आकडा दिलेला नाही.

लूकला आकड्यांचे वावडे होते असे म्हणावे, तर तसेही दिसत नाही. पौलाच्या जिवावर उठलेल्या कटवाल्यांची संख्या चाळिसांहून अधिक होती, हे तो सांगतो. पौलास रात्री यरुशलेमेहून हलविताना दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी बरोबर होते, हेही तो नोंदवितो. फुटलेल्या गलबतावर दोनशे शहात्तर माणसे होती, आणि इफिस येथे जाळलेल्या जादूटोण्याच्या पुस्तकांची किंमत पन्नास हजार रौप्य नाणी होती, असेही तो लिहितो. शिपाई, गलबतावरील उतारू आणि जळालेली पुस्तके मोजणारा लेखक विश्वासणारे मोजावयाचे सोडतो, तेव्हा त्यामागे काही हेतू असला पाहिजे.

आकडे जेथे थांबतात त्याच सुमारास एक वेगळे वाक्य पुढे येते. सहाव्या, बाराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायांत, अशा तीन ठिकाणी, वाढ झाल्याचे सांगताना लूकने वाक्याचा कर्ता बदलला आहे. वाढते ती मंडळी नव्हे, वाढते ते ‘वचन’. व्याकरणदृष्ट्या हे विलक्षण आहे. शब्द पसरतो, ऐकू जातो, पटतो. तो वाढतो असे सहसा कोणी म्हणत नाही. येथील मूळ ग्रीक क्रियापद ‘आउक्सानो’ हे रोप वाढण्याला लागू पडणारे आहे, आणि त्या रोपाचा माग लूकच्या पहिल्या भागात सापडतो.

३

पेरणाऱ्याचा दृष्टान्त मार्क, मत्तय आणि लूक या तिघांनीही दिला आहे. बी वाटेवर, खडकावर, काटेरी झुडुपांत आणि चांगल्या जमिनीत पडते. दृष्टान्ताचा उलगडा करताना मार्क आणि मत्तय हे दोघेही चांगल्या जमिनीचे पीक तीसपट, साठपट, शंभरपट असे मोजून सांगतात. लूकने उलगड्यातून हे माप काढून टाकले आहे. मापाच्या जागी त्याने एकच शब्द घातला आहे : ‘हिपोमोने’. चांगल्या जमिनीतील माणसे किती पटींनी फळ देतात हे तो सांगत नाही. ती धीराने फळ देतात, एवढेच सांगतो. बी म्हणजे वचन, हा उलगडाही त्याच ठिकाणी आहे.

या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहिले पाहिजे. मराठीत त्यासाठी ‘धीर’ किंवा ‘सहनशीलता’ हे शब्द योजिले जातात. परंतु धीर ही मनाची अवस्था आहे. आपण ‘धीर धर’ म्हणतो तेव्हा ‘थांब, घाबरू नकोस’ असे सुचवितो. ‘चिकाटी’त हाती घेतलेले काम न सोडण्याचा भाव आहे. ग्रीक शब्दात ‘खाली’ आणि ‘राहणे’ असे दोन अवयव आहेत. ओझ्याखाली टिकून राहणे हा त्याचा गाभा होय. त्यात पराक्रमाचा अर्थ नाही, आणि फळाची हमीही नाही.

मग नवल वाटते ते हे की, जो शब्द लूकने दृष्टान्तात मुद्दाम आणला, तोच ‘कृत्यां’त एकदाही येत नाही. प्रार्थनेत, सहवासात, शिक्षणात तत्पर राहण्यासाठी दुसरे क्रियापद आहे. विश्वासात टिकून राहण्याचा उपदेशही आहे. परंतु ‘हिपोमोने’ हे नाम नाही. याचे कारण रचनेत शोधले पाहिजे. पहिल्या भागात ज्याला नाव दिले, ते दुसऱ्या भागात प्रसंगरूपाने दाखविले आहे. आणि दाखविताना धीर आणि वाढ या दोन गोष्टी लूकने शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, पण ‘म्हणून’ या अव्ययाने जोडलेल्या नाहीत.

वाढीची वाक्ये कोठे येतात ते पाहावे. सहाव्या अध्यायातील वाक्य येते ते ग्रीकभाषी विधवांना रोजच्या वाटपात डावलले जात असल्याच्या तक्रारीनंतर. बाराव्या अध्यायातील वाक्याच्या आधी हेरोद अग्रिप्पाने याकोबाचा तलवारीने वध करविला आहे, पेत्रास तुरुंगात टाकले आहे, आणि शेवटी हेरोदाचाही अंत झाला आहे. हा अंत इ. स. ४४ मधील असून योसेफस या यहुदी इतिहासकारानेही त्याची हकीकत दिली आहे. सोळाव्या अध्यायात मंडळ्या संख्येने वाढल्याचे म्हटले आहे. त्याच्या थोडे आधी पौल आणि बर्णबा यांचे तीव्र भांडण होऊन दोघे वेगळे झाले आहेत. तुरुंगातून पेत्र सुटतो, याकोब सुटत नाही. आणि वाढीचे वाक्य दोघांनंतर येते. धीराचे बक्षीस म्हणून वाढ मिळाली असती, तर याकोबाचा हिशेब लागत नाही.

बाराव्या अध्यायात लूकने ‘वाढले आणि बहुगुणित झाले’ अशा अर्थाची क्रियापदांची जोडी वापरली आहे. तीच जोडी सातव्या अध्यायातील स्तेफनाच्या भाषणात मिसर देशातील इस्राएल लोकांविषयी येते, आणि तिचे उगमस्थान ‘निर्गम’ या ग्रंथाच्या ग्रीक भाषांतराच्या आरंभी आहे. तेथे वाढणारी प्रजा वेठबिगारीत पिचत आहे. दडपणातही न थांबणारी वाढ हे चित्र लूकला आयते मिळाले होते. त्याने त्यात प्रजेच्या जागी वचन ठेवले.

४

धीराचे चित्रण पाहण्यास चौदावा अध्याय पुरेसा आहे. लुस्त्र या गावी पौल एका पांगळ्या माणसास बरे करतो. लोक बर्णबाला झ्यूस आणि पौलाला हर्मेस समजून त्यांच्यापुढे बैल बळी देण्यास निघतात. त्यानंतर अंत्युखिया आणि इकुन्या येथून विरोधक येतात, लोकांची मने फिरतात, आणि ज्याला देव मानले त्यालाच दगडमार होतो. मेला असे समजून त्याला गावाबाहेर ओढून टाकतात. शिष्य त्याच्याभोवती जमतात, तेव्हा तो उठतो आणि पुन्हा गावात जातो. दुसऱ्या दिवशी तो बर्णबाबरोबर दर्बेला निघतो. हे सर्व लूकने मोजक्या वाक्यांत सांगितले आहे. जखमांचे वर्णन नाही, वेदनेचा उद्गार नाही, पौलाच्या तोंडी एकही वीरवाक्य नाही.

या प्रसंगाचे खरे मर्म त्याच्या पुढच्या वाटेत आहे. दर्बेहून पूर्वेचा रस्ता किलिकियाच्या खिंडीतून पौलाच्या जन्मगावी, तार्सास, आणि तेथून सूरियातील अंत्युखियास, म्हणजे जेथून हे दोघे निघाले होते त्या नगरास जातो. ते या रस्त्याने गेले नाहीत. ते मागे वळले. लुस्त्र, इकुन्या आणि पिसिदियाकडील अंत्युखिया या, त्यांना हाकलून लावणाऱ्या तिन्ही गावांतून परत गेले, आणि प्रत्येक मंडळीत वडील नेमून मग समुद्राकडे उतरले. या परतभेटीसाठी लूकने जे क्रियापद वापरले आहे, ‘एपिस्तेरीझो’, म्हणजे टेकू देणे, बळकट करणे, ते नव्या करारात या ग्रंथाबाहेर आढळत नाही. पंधराव्या अध्यायात दुसऱ्या प्रवासाचा उद्देश सांगताना पौल नवीन प्रदेशाचे नाव घेत नाही. जेथे जेथे जाऊन आलो तेथील बंधूंना पुन्हा भेटू या, असे तो म्हणतो. लूकच्या लेखी धीर म्हणजे पुढे रेटणे नव्हे. दगड मारणाऱ्या गावी परत जाणे, हे त्याचे मुख्य रूप आहे.

पुढे सोळाव्या अध्यायात याच लुस्त्रात पौलाला तीमथ्य भेटतो. तो पौलाचा पुढील आयुष्यातला निकटचा सहकारी ठरला, हे पत्रांवरून कळते. दगडमार आणि तीमथ्य यांचा संबंध जोडण्याची संधी लूकपुढे होती. दुय्यम प्रतीच्या लेखकाने ती सोडली नसती. लूकने दोन्ही गोष्टी सांगितल्या, आणि त्या जोडण्याचे काम वाचकावर सोपविले.

वाढीच्या बाबतीतही असेच आहे. या ग्रंथातील दोन सर्वांत मोठी पावले रंगभूमीच्या पडद्याआड पडतात. स्तेफनाच्या वधानंतर पांगलेल्यांपैकी कुप्र आणि कुरेने येथील काही माणसांनी अंत्युखियास ग्रीकांशी बोलण्यास आरंभ केला. त्यांची नावे लूक देत नाही. रोममध्ये पौल पोहोचतो तेव्हा तेथील बंधू त्याला भेटण्यास वाटेवर पुढे येतात. ती मंडळी कोणी स्थापन केली, हे सांगितलेले नाही. ज्यांची नावे आहेत ते सोसतात, आणि वाढ घडते ती पुष्कळदा निनावी माणसांच्या हातून. कारण आणि फळ यांचा हिशेब मांडणारा लेखक अशी रचना करणार नाही.

५

येथवर लूकच्या बाजूने जे म्हटले, त्याला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकणे समीक्षेस शोभणारे नाही. करिंथकरांस लिहिलेले दुसरे पत्र साधारण इ. स. ५५-५६ चे आहे. त्यात पौलाने आपल्या हालअपेष्टा मोजल्या आहेत : एकोणचाळीस फटक्यांची शिक्षा पाच वेळा, छड्यांचा मार तीन वेळा, दगडमार एकदा, गलबत फुटणे तीन वेळा. एकूण प्रसंग बारा. यांपैकी ‘कृत्यां’त आलेले प्रसंग दोन : फिलिप्पै येथील छड्या आणि लुस्त्र येथील दगडमार. सत्ताविसाव्या अध्यायातील प्रसिद्ध गलबतफूट हे पत्र लिहून झाल्यानंतरची आहे, म्हणून ती या मोजणीत धरता येत नाही. तेव्हा लूकने संकटे फुगविली हा आक्षेप टिकत नाही. उलट त्याने ती फार कमी करून सांगितली आहेत. विशेष म्हणजे आपली सेवा कशी असावी हे सांगताना पौल याच पत्रात ‘हिपोमोने’ हा शब्द अग्रभागी ठेवतो. जे लूकने दाखविले आणि नाव घेतले नाही, ते पौलाने नाव घेऊन मोजले.

परंतु संकटांहून अधिक गंभीर असे काही लूकच्या हातून गळले आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियास पौलाने पेत्राला तोंडावर विरोध केल्याची, आणि बर्णबादेखील पेत्राच्या बाजूस ओढला गेल्याची हकीकत आहे. ‘कृत्ये’ त्याविषयी मौन पाळते, आणि पौल-बर्णबांच्या फुटीचे कारण मार्क हा तरुण सहकारी मागे फिरला होता, एवढेच देते. त्याच पत्रात पौलाने स्थापन केलेल्या मंडळ्या त्याच्यापासून दूर चालल्याचे दुःख शब्दाशब्दांत आहे. लूकच्या ग्रंथात मंडळीत आलेला माणूस पुढे तिला सोडून जातो, असे चित्र जवळजवळ नाही. मार्क एकदा मागे फिरतो, एवढाच काय तो अपवाद. आणि बर्णबाबरोबर तो कुप्रास गेल्यानंतर त्याचे पुढे काय झाले ते सांगितलेले नाही. तो पुन्हा सहकाऱ्यांत आला, हे फिलेमोनास लिहिलेल्या पत्रावरून कळते.

सोडून जाणारी माणसे होती, याचा पुरावा मात्र बाहेरून मिळतो. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा रोमन शासक प्लिनी याने सम्राट त्राजानला पाठविलेल्या पत्रात हा पंथ शहरांतून खेड्यांत पसरल्याची तक्रार केली आहे. त्याच पत्रात, आपण पूर्वी ख्रिस्ती होतो पण ते सोडले, असे सांगणाऱ्यांचाही उल्लेख आहे; कोणी तीन वर्षांपूर्वी, तर कोणी वीस वर्षांपूर्वी. वाढ आणि गळती या दोन्ही गोष्टी प्लिनीच्या एकाच पत्रात दिसतात. लूकच्या वाढीच्या वाक्यांत गळतीला जागा नाही, आणि तेथे ती वाक्ये ठराविक साच्याची वाटतात. वास्तविक त्याच्याच दृष्टान्तात खडकावरचे बी वाळते आणि काट्यांतले गुदमरते. जी गोष्ट दृष्टान्तकाराने पाहिली, तिच्याकडे इतिहासकाराने डोळेझाक केली. ग्रंथाचा हा उणेपणा मान्य केला पाहिजे.

आधुनिक इतिहासकारांनी वाढीचा प्रश्न आकड्यांनी सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. आडोल्फ फोन हार्नाक याने १९०२ मध्ये पहिल्या तीन शतकांतील प्रसाराचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क याने १९९६ मध्ये एक गणित मांडले : इ. स. ४० मध्ये एक हजार ख्रिस्ती होते असे धरून दर दशकास चाळीस टक्के वाढ मानली, तर इ. स. १०० मध्ये संख्या साडेसात हजारांच्या आसपास येते, आणि इ. स. ३०० मध्ये ती त्रेसष्ट लाखांपर्यंत जाते. हे अनुमान आहे, मोजणी नव्हे. आणि आरंभीचा आकडा लूकच्या पाच हजारांहून पुष्कळ लहान आहे. तथापि या गणिताने एक गोष्ट स्पष्ट होते. पहिल्या पिढीत घरोघरी भरणाऱ्या लहान मंडळ्यांचेच हे जग होते, आणि त्यातील वाढ त्या पिढीच्या नजरेस क्वचितच पडली असेल. जे डोळ्यांना दिसत नव्हते ते सांगण्यासाठी लूकला बियाण्याची भाषा का हवी होती, हे यावरून कळून येते.

६

चीनमध्ये काम केलेल्या रोलंड ॲलन या इंग्रज धर्मोपदेशकाने १९१२ मध्ये पौलाची पद्धती आणि आधुनिक मिशनांची पद्धती यांची तुलना करणारा ग्रंथ लिहिला. पौलाने दहाएक वर्षांत चार रोमन प्रांतांत मंडळ्या उभ्या केल्या आणि त्या स्थानिक वडिलांच्या हाती सोपविल्या; आधुनिक मिशने मात्र पिढ्यान्‌पिढ्या आपला हात सोडीत नाहीत, हा त्याचा आक्षेप होता. तो आक्षेप मोलाचा आहे. परंतु ॲलनचे म्हणणे पद्धतीपुरते घेऊन ‘अशी पद्धती स्वीकारा म्हणजे अशी वाढ होईल’ असा नियम काढला, तर पुन्हा तोच हिशेब परत येतो. लूकचा ग्रंथ त्या नियमाला आधार देत नाही.

ग्रंथाचा शेवट या दृष्टीने निर्णायक आहे. पौल रोममध्ये दोन वर्षे स्वतःच्या भाड्याच्या जागेत पहाऱ्याखाली राहतो आणि येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करतो. खटल्याचा निकाल सांगितलेला नाही, मृत्यू सांगितलेला नाही, आणि येथे वाढीचे वाक्यही नाही. अठ्ठावीस अध्यायांचा हा ग्रंथ एका क्रियाविशेषणावर थांबतो : ‘अकोलूतोस’, म्हणजे बिनअडथळा. हा शब्द पौलाच्या बोलण्याला लागला आहे, पौलाला नव्हे. माणूस शिपायाच्या पहाऱ्यात आहे आणि त्याचे बोलणे मोकळे आहे. सुटका आणि यश या दोन्ही गोष्टी वाचकास अपेक्षित असताना लूकने त्या दिल्या नाहीत.

ज्या वाचकास या ग्रंथात यशाचा अहवाल हवा असतो, त्याला हा शेवट अपुरा वाटतो. काहींनी तर शेवटची पाने गहाळ झाली असावीत अशीही कल्पना केली आहे. पण ज्याने दृष्टान्तातून वगळलेले माप ध्यानात ठेवले आहे, त्याला शेवटी माप मिळाले नाही याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. भाड्याच्या त्या जागेत किती माणसे आली, हे लूकने लिहिले नाही. दार दोन वर्षे उघडे होते, एवढे मात्र त्याने लिहून ठेवले आहे.